जशी उभी हाये तशी

माझ्या घरी पुढच्या खोलीत एक चित्र टांगलेलं आहे. साधा पिवळट कागद. त्यावर पेन्सिलीनं काढलेला घोडीचा एक पुढचा पाय, गुडघ्यापासून खाली टापेपर्यंत. शेजारी दुसरा पाय सुरू केलेला आणि मध्येच सोडून दिलेला. खाली दोन शब्द आहेत, पण ते चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. घरी आलेला पाहुणा चहा येईपर्यंत त्या कागदाकडं पाहत बसतो आणि मग न राहवून विचारतो, "बाकीची घोडी कुठं गेली?" माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, "किन्हीराजाले हाये. चरून राह्यली असंन."

मला चित्रातलं काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. अडलेल्या म्हशी, हिरवं सोयाबीन खाऊन फुगलेले बैल आणि शेळ्यांच्या लसी यांतच माझी नोकरी संपली. शेवटची काही वर्षं वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात होतो. चौदा गावं, एक मोटरसायकल आणि माझा तापट स्वभाव, एवढ्यावर कारभार चालायचा.

तिथं बस स्टँडच्या मागं एक खानावळ होती. मी दुपारी तिथंच जेवायचो. मालकानं नवी पाटी रंगवून घेतली होती. एका बाजूला मटणाचं ताट, दुसऱ्या बाजूला बकरा. बकऱ्याचे कान जरा मागं, एका शिंगाचं टोक तुटलेलं, आणि नजर थेट जेवणाऱ्याच्या ताटात. मी स्वतः पहिल्या दिवशी मटण सांगितलं आणि पाटीकडं लक्ष गेल्यावर वांग्याची भाजी मागवली. असं बऱ्याच जणांचं होत असावं, कारण महिन्याभरात मालकानं पेंटरला बोलावणं धाडलं.

"बापा, ते बकरं जरा हसरं करून द्या ना," मालक काकुळतीला आला होता.

"बकरं हसते काय?" पेंटरनं शांतपणे विचारलं.

"मंग डोये तरी मिटून टाका त्याचे."

"डोये मिटले तं मेलेलं दिसंन. मंग तं कोनीच नाही खानार."

शेवटी मालकानं 'शाकाहारी थाळी मिळेल' अशी एक पट्टी आणून बकऱ्याच्या डोळ्यांवर चिकटवली. पेंटरनं पट्टी सरळ लागली आहे का ते मागं सरकून पाहिलं, एक कोपरा अंगठ्यानं दाबून दिला आणि माझ्या समोर येऊन जेवायला बसले. दौलत खंडारेंची आणि माझी ओळख अशी झाली.

उंच, काटक माणूस. कानावर पेन्सिल. उजव्या अंगठ्याच्या नखात कायम कुठला तरी रंग आणि अंगाला जवसाच्या तेलाचा व घोड्याचा मिसळलेला वास. समोर कोणी आलं की आधी त्याच्या पायांकडं बघायचे, मग हळूहळू नजर वर न्यायचे आणि तोंडापर्यंत पोचले की मग बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं की हे आपल्या चपलांची किंमत करून राहिलेत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंड तं सारेच बनवते, डॉक्टर. उभं राहनं कोनाले बनवता येत नाही."

किन्हीराजाला गावाच्या कडेला त्यांचं टिनाचं लांब शेड होतं. अर्ध्यात घोडे, अर्ध्यात चित्रं, मध्ये भिंत नाही. घोडे दोन. एक सरदार नावाचा म्हातारा घोडा, वरातींतून निवृत्त झालेला, एका डोळ्यानं आंधळा. त्याला कॅनव्हासची कड चावायचं व्यसन होतं. दुसरी काजल. नाव काजल आणि घोडी दुधासारखी पांढरी, म्हणून लोक हसायचे. पण शिंगरू असताना ती खरोखरच काजळीच्या रंगाची होती. काही घोडी अशीच असतात, जन्मतात गडद आणि दर वर्षाला उजळत जातात. शेडच्या एका कोपऱ्यात घाण्याच्या जवस तेलाची कॅन असायची. त्यातलं थोडं रंगात जायचं आणि थोडं घोड्यांच्या दाण्यात, अंगावर तकाकी यावी म्हणून. दौलतभाऊंच्या बायकोला सगळे सुमनवहिनी म्हणत. अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि जिभेनं धारदार. म्हणायच्या, "मले डोक्याले लावाले त्यातलं थेंबभर भेटत नाही. मी ना चित्र होय, ना घोडी!"

घोड्यांचं वेड त्यांच्याकडं वडिलांकडून आलं, पण सरळ वाटेनं नाही. वडील गावातल्या एका जमीनदाराकडं मोतद्दार होते. म्हणजे घोड्याला खरारा करायचा, दाणा द्यायचा आणि मालक बसले की लगाम धरून पुढं चालायचं. चाळीस वर्षं हे केलं आणि एकदाही घोड्यावर बसले नाहीत. बसायची सोयच नव्हती. त्यांच्या वस्तीतले नवरदेवसुद्धा तेव्हा पायीच निघायचे. दौलतभाऊंनी अकोल्याला राहून चित्रकलेचा डिप्लोमा केला, गावी येऊन पाट्या रंगवल्या, विहारासाठी बुद्धाची मोठी चित्रं केली, आणि हातात काही जमल्यावर पहिली वस्तू घेतली ती काजल. तिची पहिली वरात त्यांच्याच वस्तीतून निघाली आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं गेली. कोणी काही बोललं नाही. दोन-चार घरांनी दारं लावून घेतली. पुढं त्यातल्याच एका दारावर नावाची पाटी रंगवायला दौलतभाऊंना बोलावणं आलं आणि त्यांनी ती मन लावून रंगवली.

त्या वरातीनंतर त्यांनी वडिलांना काजलवर बसवलं. म्हातारा थकलेला, दोघांनी धरून चढवावं लागलं. दौलतभाऊ स्वतः लगाम धरून पुढं. सगळी वस्ती बघायला जमलेली. दहा-बारा पावलं झाली नसतील तर वरून आवाज आला, "थांब. उतरव मले."

"काहून बाबा? भ्याव वाटते काय?"

"भ्याव कायचं? तिची पाठ गरम होऊन राह्यली. आत्ताच वरात नेऊन आली ना ते? आधी पानी दाखव तिले."

हे सांगताना दौलतभाऊ दर वेळी हसायचे. मलाही तो म्हातारा एकदा बघायला मिळायला हवा होता, असं फार वाटतं.

वराती ते आपल्या अटींवर करायचे. दिवसाला एकच. फटाके घोडीपासून लांब. नाचवायची नाही. आणि नवरदेवाला आधी एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहणार. एका जाडजूड नवरदेवाला त्यांनी भर मांडवासमोर सांगितलं होतं, "भाऊ, तुमी जीपमंदी शोभान." मुलीकडच्यांनाही ते पटलं होतं म्हणे.

पोटाचा खरा आधार मात्र गेलेल्या माणसांची चित्रं. घराघरात आजोबांचं, वडिलांचं तैलचित्र लावायची हौस असते आणि दौलतभाऊंसारखा हात आसपासच्या तीन तालुक्यांत नव्हता. पण ते नुसत्या फोटोवरून काढत नसत. घरी येऊन बसायचे. चपला दाखवा म्हणायचे. कोणता डोळा बारीक होता, खुर्चीत बसले की कोणत्या बाजूला कलायचे, असं विचारायचे. एका कापडवाल्याच्या वडिलांचं चित्र केलं तेव्हा हनुवटीवरचा मोठा मस जसाच्या तसा उतरवला. मुलं चिडली. मस काढून टाका म्हणाली. दौलतभाऊ म्हणाले, तो मी लावला नव्हता, मी काढणारही नाही. मग मुलांनी म्हाताऱ्या आईलाच आणून चित्रासमोर उभं केलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मसावरून बोट फिरवलं.

"हेच होय," ती म्हणाली. "पन हे हसून काहून राह्यले? हे तं कधीच हसले नाही."

दौलतभाऊंचा चेहरा पडला. मुलांच्या आग्रहाखातर त्यांनी ओठांच्या कडेला इतकंसं हसू ठेवलं होतं, आणि तेवढंच खोटं बाईनं पकडलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी ते हसू पुसलं. पुढं कित्येक महिने खानावळीत बसले की ही गोष्ट काढायचे आणि मान हलवायचे. "सापडलो ना, डॉक्टर. एकाच जागी खोटं बोललो आन् नेमका सापडलो."

आता मुख्य गोष्ट. शेडमध्ये एक मोठा कॅनव्हास होता, काजलच्या पूर्ण आकाराचा. किती वर्षं तो चालू होता, हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. चित्र संपत आलं की घोडी बदललेली असायची. रंग आणखी उजळायचा, पाठ जरा खाली यायची, डोळ्यांच्या वर खळगे पडायचे. मग जे दिसतंय ते पुन्हा काढायचं. मी वैतागून म्हणायचो, "अहो, एकदा थांबा ना कुठं तरी." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "जशी उभी हाये तशी काढतो. ते थांबन तं मी थांबन."

मग नागपूरहून निरोप आला. तिथं एक मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यांचे कॉलेजातले जुने सर त्याच्या आयोजकांत होते. सरांनी सांगितलं, घोडीचं चित्र आण, या खेपेला आणलं नाहीस तर पुन्हा विचारणार नाही. फाल्गुनात टेम्पो येणार होता. दौलतभाऊंनी त्या हंगामातल्या सगळ्या वराती नाकारल्या. काजलला पूर्ण आराम. सकाळी उजेड शेडमध्ये शिरला की तिला उभं करायचं आणि दुपारपर्यंत काढायचं. पण घोडी काही पुतळा नाही. हलायची, फिरायची, सरदारकडं जाऊ बघायची. म्हणून त्यांनी तिच्यासमोर एक टोपलं टांगलं. त्यात भिजवलेले हरभरे, गहू आणि वर गुळाचे खडे. घोडी तोंड घालून उभी राहायची. टोपलं रिकामं झालं की पुन्हा भरायचं. असे तीन-साडेतीन महिने गेले.

त्या काळात मी एकदा तिथं गेलो होतो. मोटरसायकलवरूनच उतरलो नाही म्हटलं तरी चालेल. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, काजल जरा सुस्त वाटते." मी शेडच्या दारातून पाहिलं. अंगानं भरलेली, केस चमकणारे. "वय झालं वहिनी, आराम अंगी लागून राह्यला," असं म्हणून मी निघालो. मला पुढच्या गावी लसीकरण होतं. ते सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण त्या वेळी मला तेवढंच महत्त्वाचं वाटत होतं.

माघ संपता संपता त्यांचा फोन आला. आवाजात लहान मुलासारखा आनंद. "डॉक्टर, झालं! या पाहाले."

मी गेलो तेव्हा शेडमध्ये सरपंच होते, शाळेचे दोन गुरुजी होते. सगळे कॅनव्हाससमोर हात बांधून उभे. वाहवा चालली होती. खरंच सांगतो, मलाही क्षणभर वाटलं की आता ही मान वळवणार. अंगावरचा उजेड, पोटाखालची सावली, नाकपुडीचा ओलसरपणा, सगळं तिथं होतं. मग मी, दौलतभाऊंच्या संगतीचा परिणाम म्हणा, पायांकडं पाहिलं. आणि पुढं सरकून पुन्हा पाहिलं.

"दौलतभाऊ, ही अशी काहून उभी केली?"

"मी कायले उभी करू? जशी उभी हाये तशी काढली."

"पुढचे दोन्ही पाय असे पुढं टाकून? सारं वजन मागच्या पायांवर?"

"हो. आधी सरळच होते पाय. मांगच्या दोन-तीन हप्त्यांपासून ते अशी उभी राहून राह्यली, म्हनून ते पुसले आन् पुन्हा काढले." मग जरा कौतुकानं म्हणाले, "आता तं हालत बी नाही बिचारी. मले वाटलं, उभं राहाले शिकली."

मी त्यांना तिथंच सोडून घोडीकडं गेलो. पुढच्या टापेवर हात ठेवला. टाप गरम होती, चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या भांड्यासारखी. घोट्यामागची नाडी हाताला ठोके देत होती. टापेवर आडवे कंगोरे उठले होते. हेही त्यांनी चित्रात एकेक करून काढले होते. टापेच्या आत सूज असली की घोडं असं उभं राहतं, दुखऱ्या पायांवर वजन न देता. फार दाणा, फार गोड आणि चालणं बंद, यानं ते होतं. काजल हलत नव्हती, कारण तिला पाऊल टाकवत नव्हतं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण गोड शब्दांत नक्कीच नाही. मला राग त्यांचा आला नव्हता, माझाच आला होता. पंधरा दिवसांपूर्वी तीच घोडी माझ्यासमोर होती आणि मी दारातूनच निघून गेलो होतो. ज्याला त्या आजाराचं नावही माहीत नव्हतं, त्या माणसानं तो कंगोऱ्यांसकट पाहिला होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

दौलतभाऊ टोपल्याकडं गेले. टोपलं सोडवलं, बाहेर नेऊन उकिरड्यावर पालथं केलं. मग एकट्यानंच तो एवढा मोठा कॅनव्हास उचलला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला. सरपंच आणि गुरुजी चहा न घेताच गेले.

वाशीमहून मोठे डॉक्टर आले. इंजेक्शनं दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आतलं हाड सरकलं असलं तर घोडी बसेल आणि मग उठणार नाही. दोन महिने बघा, फरक नसेल तर तिचे हाल करू नका. मी हे दौलतभाऊंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं सांगून उपयोगच नव्हता.

मग त्या दोघा नवरा-बायकोनं जे केलं ते मी पाहिलं आहे. नाल्यातून बैलगाडीनं वाळू आणून शेडमध्ये वीतभर जाड अंथरली, म्हणजे पायाखाली मऊ लागावं. वहिनी अंगणवाडीत जायच्या आधी आणि आल्यावर घोडीच्या पायांवर गार पाणी सोडत बसायच्या. दाणा पूर्ण बंद, नुसता कोरडा चारा. मालेगावहून रशीदचाचा नालबंद आले. त्यांनी वाढलेली टाप थोडी थोडी करून कापली आणि जुने नाल काढून पिशवीत टाकले. "साल भर नाल नहीं, पेंटर," ते म्हणाले. "नंगे पाँव रहने दो. ऊपर से नया खुर उतरेगा, तब देखेंगे."

टेम्पो आला तसा रिकामा परत गेला. नागपूरच्या सरांचे फोन दौलतभाऊंनी घेतले नाहीत. पाट्यांची कामंही परत करू लागले. ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचून ठेवले. वहिनी मला म्हणाल्या, "घोडी तं चारा तरी खाते, भाऊ. हे खाऊन बी नाही राह्यले." मी दौलतभाऊंना समजावायला गेलो तर हाताचे दोन्ही पंजे माझ्यासमोर धरून म्हणाले, "याच हातानं टोपलं भरलं, याच हातानं तिले काढलं. चित्रासाठी तिले कायमची बसवत होतो मी, डॉक्टर. मारून राह्यलो होतो आन् वरून रंग देऊन राह्यलो होतो."

मला समजूत घालता येत नाही. रागावता येतं. म्हणून रागावलो.

"ऐका. चौदा गावं माझ्याकडं. रोज मला येता येणार नाही. मोबाईलवर फोटो पाठवा म्हटलं तर शेडमधला अंधार तेवढा येतो. दर रविवारी तिचे पुढचे दोन पाय कागदावर काढायचे आणि सोमवारच्या जीपनं माझ्याकडं पाठवायचे. कंगोरे, टापेची वरची कड, पाय किती पुढं आहेत, सगळं. मला ते औषधासाठी पाहिजे."

"तुमी सोता येऊन पाहान ना."

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "काय दिसलं मला? तुमाले दिसलं होतं."

 पहिला रविवार कोरडा गेला. दुसऱ्या सोमवारी वहिनी स्वतः दवाखान्यात आल्या आणि पिशवीतून गुंडाळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन पाय. रेघ थरथरलेली होती, पण एक कंगोरा सुटला नव्हता. "आज भाकर खाल्ली," एवढंच सांगून त्या गेल्या.

मग दर सोमवारी कागद येऊ लागला. जीपवाला हाक मारायचा, "डॉक्टर, तुमचे पाय आले!" दवाखान्यात हशा व्हायचा. मी ते कागद ओळीनं भिंतीला लावले. घोड्याची नवी टाप वरून खाली उतरते, आपल्या नखासारखी, अगदी सावकाश. कागदावर आधी वरच्या कडेला एक बारीक गुळगुळीत पट्टी दिसू लागली, नखाच्या चंद्राएवढी. चार कागदांनंतर ती गहू मावेल इतकी झाली. जुने कंगोरे खाली सरकत होते. पाय मात्र तसेच पुढं टाकलेले. दोन महिन्यांची मुदत संपली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय करायचं? मी त्यांना त्या भिंतीसमोर उभं केलं. पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत ते दोनदा फिरले. म्हणाले, "थांबू या."

उन्हाळा गेला. पोळ्याच्या सुमाराला एक कागद असा आला की पाय जरा जवळ घेतलेले वाटले. मी पट्टी लावून मोजलं, मग माझं मलाच हसू आलं. आणि त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी हा, माझ्या भिंतीवरचा, कागद आला. एक पाय पूर्ण, सरळ खाली उतरलेला. दुसरा अर्धाच. पहिल्यांदा वाटलं की यांनी कंटाळा केला. मग खालचे दोन शब्द वाचले.

'पाय उचलला.'

मी दवाखान्याला कुलूप लावायला सांगून मोटरसायकल काढली. किन्हीराजाला पोचलो तर शेडमध्ये कोणीच नव्हतं. मागच्या पडीत वावरात काजल होती. हळूहळू, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत बांधाकडं चालली होती. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. दौलतभाऊ जमिनीवर उकिडवे बसून तिच्या पायांकडं पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही रडू आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून मी बांधाजवळ चरणाऱ्या सरदारला उगीच शिव्या दिल्या.

त्यानंतर त्यांनी ब्रश खाली काढले. मोठा कॅनव्हास सरळ केला, पण त्यातले पाय दुरुस्त केले नाहीत. मी सुचवलं होतं की आता सरळ करा, नागपूरला चालेल. म्हणाले, "तवा तशीच उभी होती. ते पुसाले मी कोन?" त्यांनी ते चित्र दाण्याच्या हौदासमोरच टांगलं, दाणा घालताना रोज समोर दिसेल असं. काजलच्या वराती मात्र कायमच्या बंद झाल्या. नागपूरच्या सरांना त्यांनी शेवटी स्वतःहून फोन केला, सगळं खरं सांगितलं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी जे असेल ते आण.

मी गेल्या हिवाळ्यात निवृत्त झालो आणि कामरगावला, आमच्या घरी जायला निघालो. निरोप आदल्या दिवशी घेऊन झाला होता. दौलतभाऊंनी काही भाषण केलं नाही, माझ्या बुटांकडं बघून म्हणाले, "डॉक्टर, डावी टाच झिजवून राह्यले तुमी. कंबर दुखत असंन." दुखत होती.

बस किन्हीराजाच्या बाहेर आली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. तूर कापून मोकळ्या झालेल्या वावरात मला काजल दिसली. मी आधी तिचे पाय पाहिले. चारही सरळ, चारही जमिनीवर. मोकळीच चरत होती, ना दावं, ना टोपलं. आणि तिच्यापासून पाच-सहा पावलांवर दौलतभाऊ. वरातीतला तिचा जुना जरीचा पट्टा त्यांनी आपल्याच गळ्यात अडकवला होता आणि त्याला एक लाकडी फळी बांधली होती, फळीवर कागद. घोडी दोन घास खाऊन पुढं सरकली की तेही पुढं सरकायचे. ती थांबली की थांबायचे आणि हात चालू व्हायचा. चित्र अर्धं असतानाच ती निघाली तर कागद उलटून तिच्या मागं चालू लागायचे.

मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हाक मारली. बसच्या आवाजात ती गेली नसेल, किंवा गेलीही असेल. त्यांनी काही वर पाहिलं नाही. पाहायचं तिथं ते पाहत होते.